चित्रपुस्तकांतील झाड आणि वाढते वय : खानदेशी संदर्भात

मुलांच्या चित्रपुस्तकांत झाड बहुधा वाढत्या वयाचे माप म्हणून येते. रस्किन बाँड यांच्या ‘द चेरी ट्री’मध्ये (सचित्र आवृत्ती १९८०) मसुरीचा राकेश चेरीचे बी पेरतो. शेळी पाला खाते, गवत कापणारीच्या विळ्याखाली रोप तुटते, तरीही ते वाढते. मुलगा आणि झाड येथे सोबती आहेत.

शेल सिल्व्हरस्टीन यांच्या ‘द गिव्हिंग ट्री’त (१९६४) हे नाते एकतर्फी होते. मुलगा मोठा होतो, दूर जातो, परततो तो काही मागण्यासाठी. शेवटी झाडाचे खोड तेवढे उरते. मूळ इंग्रजीत या झाडासाठी स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे. त्यामुळे ते सहजच आई ठरते आणि तिच्या त्यागाविषयीचा वादही तेथूनच सुरू होतो. मराठीत मात्र ‘झाड’ नपुंसकलिंगी, ‘वृक्ष’ पुल्लिंगी. चिंच वा बाभूळ घेतली तर ‘ती’ म्हणता येते. पण कथेतले झाड सफरचंदाचे आहे. भाषांतरात ‘ते’ आले की मातृत्व व्याकरणातून निसटते आणि त्याचा सारा भार चित्रातील फांद्यांच्या हालचालींवर येऊन पडतो. भाषांतरकाराची ही अडचण वरवर दिसते त्याहून बरीच खोल आहे.

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा मार्गावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. या परिसरात घरची बोली अहिराणी, शाळेची भाषा प्रमाण मराठी. पुस्तकातला ‘कडुनिंब’ घरी नुसता ‘निंब’ असतो. भेद केवळ शब्दाचा नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधले जातात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेतही आखाजी आहे. मुलीच्या मोठे होण्याचा अर्थच येथे झाडापासून दूर जाणे असा होतो. झाड तिची उंची मोजत नाही, तिच्या येण्याजाण्याची नोंद ठेवते. तीही सिल्व्हरस्टीनच्या मुलाप्रमाणे परतते, परंतु फळे किंवा लाकूड मागायला नव्हे, चार दिवस झोका घ्यायला. वर उल्लेखिलेल्या दोन्ही पुस्तकांत झाडाजवळ मुलगाच आहे, ही बाब येथे दुर्लक्षून चालणार नाही.

असा अनुभव चित्रपुस्तकाच्या प्रकृतीला विलक्षण मानवणारा आहे. तोच निंब, तीच फांदी, दोराने घासून पडलेली खूण वर्षागणिक खोल. झोक्यावरची आकृती मात्र परकरातून लुगड्यात आलेली. मजकूर जवळजवळ लागणारच नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’ने चित्र पाहून मुलांनी बोलावे ही वाट मराठीत रुळवली आहे. शब्द छापलेलाच नसला, तर सोनगीरच्या मुलीने चित्रातल्या झाडाला ‘निंब’ म्हटले तरी ते चुकीचे ठरवण्याचा प्रश्न उद्भवत नाही.