बांधावरची चूल आणि उभा ऊस



घरोघर गॅस आला, तरी ज्वारीची भाकरी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अजून अंगणातल्या चुलीवरच होते. मळ्यात वस्ती करून राहणारी मंडळी तर दोन्ही वेळचा स्वयंपाक उघड्यावर करतात. हंगामात टोळ्यांच्या कोप्यांपुढे तीन दगडांवर तवे चढतात ते वेगळेच. ऊस विकास खात्याने चुलीत कशाला लक्ष घालावे, असे कोणी म्हणेल. पण मागे एका सभासदाचा तोडीला आलेला आडसाली ऊस भर दुपारी पेटला, तो बांधावर टाकलेल्या चुलीच्या राखेने. राख सकाळची होती. वरून गार, पोटात निखारा.

खरे मूळ जळणात आहे. पाचट हाताशी असते, म्हणून तेच चुलीत सारले जाते. पाचट भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, निखारा म्हणून मागे राहत नाही. भाकरीला तर निखाराच लागतो. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवायचे, ते सुकत आले की उलटायची, दुसरे अंग नीट भाजायचे आणि मग तवा उतरवून निखाऱ्यापुढे उभी करायची. आतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. जाळ एकसारखा नसेल तर वरून करपते, आत कच्ची राहते. शिवाय पाचटाची जळती पाती वाऱ्यावर उडते ती सरळ फडात. एवढे करून पाचट रानातून कमी होते. एकरी तीन-चार टन निघणारे हे पाचट खोडव्यात सरीआड ठेवले तर ओल धरते आणि कुजून खत होते.

जळणाला तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडी, वाळलेल्या गोवऱ्या, बाभळीचा फाटा वापरावा. खोडवा मोडल्यावर निघणारी खोडकी माती झाडून वाळवली की चांगला निखारा धरतात.

आता चूल. नुसत्या तीन दगडांवर बरीचशी आच वाराच खाऊन टाकतो. तिन्ही बाजू मातीने लिंपाव्यात, पुढे तोंड ठेवावे, मागे धुरासाठी दोन बोटे फट ठेवावी. जाळ आणि तवा यांत अर्धी वीत अंतर पुरे. तवा फार खाली बसला तर जाळ कोंडून धूर होतो, आणि तो धूर बाईच्या डोळ्यांत आणि कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो. वाऱ्याच्या अंगाला विटांची गुडघाभर भिंत घातली की जळण वाचते, ठिणगीही अडते. शेजारी वैल काढला तर भाकऱ्या होईतो कालवण त्याच आचेवर शिजते. बिडाचा तवा असेल तर तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, तडकतो.

चूल उभ्या उसापासून निदान पन्नास फूट लांब असावी, भोवती दहा पावले पाचट झाडून काढलेले असावे. टोळी आली की जागा आपण स्वतः दाखवावी, पाण्याचे एक पिंप भरून द्यावे, फाटाभर सरपणही द्यावे. परक्या रानात त्यांनी सरपण आणायचे कुठून? आपण काही द्यायचे नाही आणि आग लागली की टोळीच्या माथी खापर फोडायचे, हे मला पटत नाही.

जळीत उसाचे वजन दिवसागणिक घटते, उतारा उतरतो. दर उताऱ्यावर ठरतो, तेव्हा झळ शेजाऱ्यालाही थोडी पोहोचतेच. असा ऊस झाला तर गट कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे तोड आधी लावता येते.

राखेसाठी चुलीजवळ हातभर खड्डा करा. स्वयंपाक उरकला की राख त्यात ओढून तांब्याभर नव्हे, बादलीभर पाणी ओता. काडीने ढवळून पाहा आणि मगच कामाला जा.