६,००० किलोमीटरांत २ मिलिमीटरची चूक

चला, एक ओळ छापू या. माणसाच्या जनुकीय मजकुराचा एक संच म्हणजे साधारण ३०० कोटी अक्षरं. प्रत्येक अक्षराला २ मिलिमीटर जागा द्यायची, मध्ये फट ठेवायची नाही आणि ओळ कुठेही मोडायची नाही. किती लांब होईल ही ओळ? ६,००० किलोमीटर! मुंबई ते पुणे लोहमार्गानं १९२ किलोमीटर. या रुळांशेजारून ओळ अंथरत जा, पुण्याहून परत या, पुन्हा जा. अशा पंधरा येरझाऱ्या झाल्या तरी २४० किलोमीटर ओळ हातात शिल्लकच!

या एवढ्या पसाऱ्यात एमईएफव्ही नावाचा एक जनुक आहे. त्याची अक्षरं सुमारे १५,०००, लांबी ३० मीटर. म्हणजे मुंबई लोकलचे जेमतेम दीड डबे. त्यातलीही प्रथिन घडवण्याच्या कामी येणारी अक्षरं फक्त २,३४३. पाच मीटरसुद्धा भरत नाहीत! आणि तिथे एका जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ पडतो. एकच अक्षर, २ मिलिमीटर. तेवढ्यानं पायरिन नावाच्या प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या माळेतला ६९४ वा मणी बदलतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून ही चूक आली की माणूस आयुष्यभर पुन्हा पुन्हा तापानं फणफणतो.

या आजाराचं नाव फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर, थोडक्यात एफएमएफ. तुर्कस्तान, आर्मेनिया, इस्रायल, अरब देश हा त्याचा मुलूख. जंतू नाही, संसर्ग नाही, तरी ताप ३८ ते ४० अंशांवर. पोटात, छातीत, सांध्यांत कळा. बारा तास ते तीन दिवस हा धुमाकूळ चालतो आणि मग ताप आपणहून उतरतो. पुढचा झटका कधी, ते त्यालाच ठाऊक! महिन्याला तीन दिवसांचा एक झटका धरला तर वर्षाचे ३६ दिवस, म्हणजे ८६४ तास झाले. डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला सव्वातीन तासांत पोहोचते असं धरा. तेवढ्या तासांत तिच्या २६५ खेपा होतील, आणि दर खेपेला हा माणूस तापात! तीस वर्षांत तर सलग जवळजवळ तीन वर्षं भरतील इतका ताप अंगातून जातो.

झटक्यात रक्तामध्ये काय होतं, तेही मोजू. सीरम अमायलॉइड ए नावाचं एक प्रथिन हजारपटीपर्यंत वाढू शकतं. हजारपट म्हणजे किती? शेतातल्या विहिरीच्या तळाशी १ सेंटिमीटर पाणी आहे. तुम्ही झोपलात. एक-दोन दिवसांत बघता तर पाणी १० मीटरवर, तेहतीस फूट! विहीर काठोकाठ! या प्रथिनाचा गाळ वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साचला की मूत्रपिंडं निकामी होतात. ताप माणसाला छळतो, गाळ माणसाला मारतो.

आता संशोधनाचा आलेख पाहा. १९४५ साली न्यूयॉर्कच्या शेपर्ड सीगल यांनी या आजाराचे रुग्ण वर्णिले. किती? दहा. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील! १९९७ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे तो जनुक शोधून काढला आणि मग बांध फुटला. आज या एका जनुकातले शेकडो बदल नोंदले गेले आहेत. शोधनिबंध तर हजारांनी. नुसते ४,००० धरा, प्रत्येकी आठ पानं, पाठपोट छापा आणि रचा. दीड मीटरच्या वर चवड होईल. २ मिलिमीटरच्या अक्षरापायी माणसाच्या खांद्यापर्यंत कागद! त्यात तुर्कस्तान आघाडीवर, शिवाय इस्रायल, इटली, अमेरिका, फ्रान्स. आणि यादीत जपानही! साडेबारा कोटींच्या त्या देशात पाहणी केली तेव्हा रुग्णांचा अंदाज निघाला सुमारे ३००. चार लाखांत एक! तरीही त्यांनी शोधले.

औषध काय? कॉल्चिसिन, गाउटवरची जुनी गोळी. १९७२ साली तिचा या आजारावर उपयोग होतो हे कळलं. रोज १ मिलिग्रॅम, साठ वर्षं न चुकता घेतली तरी सगळं मिळून २२ ग्रॅम. जेमतेम दोन तोळे! आणि गुण? १९८६ साली इस्रायली डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिलेल्या रुग्णांचा हिशेब मांडला. सुरुवातीला मूत्रपिंडं ठीक असलेले ९६० जण. त्यातले ९०६ गोळी नेमानं घेणारे. स्लीपरच्या डब्यात ७२ बर्थ धरले, तर या लोकांना तेरा डबे लागतील. या तेरा डब्यांत लघवीतून प्रथिनं जायला लागली किती जणांच्या? चार! उरलेल्या ५४ जणांनी गोळी नीट घेत नसल्याचं कबूल केलं. त्यांचा एक डबाही भरत नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या डब्यात सोळा!

ज्यांना कॉल्चिसिन पुरत नाही, त्यांच्यासाठी कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन आहे. २०१८ च्या चाचणीत ते घेणाऱ्या एफएमएफच्या रुग्णांपैकी ६१ टक्क्यांचा आजार पुरता आटोक्यात आला, नुसतं नकली इंजेक्शन घेणाऱ्यांत ६ टक्क्यांचा. पण अमेरिकेत दर चार आठवड्यांनी ते घ्यायचं, तर वर्षाचं बिल रुपयांत एक कोटीच्या पलीकडे. कॉल्चिसिनची गोळी चार रुपयांची धरली आणि रोज दोन घेतल्या, तर वर्षाला तीन हजारही नाहीत. एकाच्या इंजेक्शनांत तीन हजारांहून अधिक माणसांच्या गोळ्या!

आता श्वास रोखा, खरी मोठी बेरीज पुढे आहे. तुर्कस्तानात साधारण हजारात एक रुग्ण. साडेआठ कोटी लोकांत ८५,०००, म्हणजे वानखेडे अडीच वेळा भरेल. पण या जनुकातल्या कुठल्यातरी चुकीची एकच प्रत बाळगणारे, स्वतः धडधाकट असलेले वाहक? पाचात एक! १ कोटी ७० लाख! २०११ च्या जनगणनेतली अख्खी मुंबई १ कोटी २४ लाखांची. ती बसवूनही जागा उरेल. एवढी हानिकारक चूक एवढ्या माणसांत टिकलीच कशी?

२०२० साली २,३१३ तुर्की लोकांचे जनुक तपासणाऱ्या संशोधकांना तिचा माग लागला. एमईएफव्हीतले दोन घातक बदल १,८०० वर्षांहून जुने, म्हणजे पैठणच्या सातवाहनांच्या अखेरच्या काळापासूनचे तरी. पिढी पंचवीस वर्षांची धरा, बहात्तर पिढ्या झाल्या! आणि बदललेलं पायरिन प्लेगच्या जंतूला सहजी दबत नाही. हा तोच जंतू, ज्यानं चौदाव्या शतकात युरोपातली कोट्यवधी माणसं नेली. तोच १८९६ साली मुंबईत उतरला, पुढच्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुल्यांना घेऊन गेला आणि हिंदुस्थानात त्यानं कोटीवर बळी घेतले. या जंतूपुढे टिकाव धरणारे वाचले, त्यांची मुलं वाचली, मुलांची मुलं वाचली, असा संशोधकांचा कयास. बहात्तर पिढ्या ही चूक वारशात गेली, वाढली, फोफावली. आज हिशेब असा: ८५,००० जण तापात आणि १ कोटी ७० लाख जण धडधाकट. एका रुग्णामागे दोनशे वाहक!