भाकरीला शुगर लागू होत नाही म्हणे!

"भाकरीवर आहे, तरी शुगर वाढली कशी?" परभणीत, सेलूत, जिंतूरकडं, गंगाखेडला हा प्रश्न अशा सुरात विचारतात, की भाकरीनं दगाच दिला. शुगर निघाली की घरात पहिला हुकूम सुटतो: भात बंद, चपाती बंद, ज्वारीची भाकरी सुरू. इथवर ठीक. पुढं जे जोडलं जातं, 'अन् पोटभर खा, भाकरीच आहे', तिथं सगळा घोळ आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांची पुस्तिका काढली. तिच्यानुसार 100 ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं सुमारे 68 ग्रॅम, गव्हाच्या आट्यात 64, पांढऱ्या तांदळात 78. तंतू ज्वारीत 10 ग्रॅम, आट्यात 11, तांदळात 3 सुद्धा नाहीत. म्हणजे भातापेक्षा भाकरी बरी, हे खरं. पण न चाळलेल्या कणकेच्या चपातीपुढं भाकरीचा तोरा फारसा टिकत नाही. आपल्याकडची ऐसपैस भाकरी 80 ग्रॅम पिठाची धरली, तर एका भाकरीत 54 ग्रॅम कर्बोदकं झाली. तीन भाकरी म्हणजे 160 च्या वर. पचल्यावर त्यांची साखरच होते, मग ती मालदांडी ज्वारीची असो की आणखी कशाची.

"पण ज्वारीचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी असतो ना?" 2023 हे ज्वारीसारख्या भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झाल्यापासून हा शब्द गिरणीतही ऐकू येतो. हा आकडा काढताना माणसाला साधारणपणे 50 ग्रॅम कर्बोदकं असलेला घास देतात आणि रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते ते बघतात. ज्वारीच्या हिशेबानं तो घास 75 ग्रॅम पिठाचा, म्हणजे एका भाकरीएवढाही नाही. प्रयोगशाळेनं प्रमाणपत्र दिलं ते एका भाकरीला, आपण ते लावतो तिन्ही भाकरींना आणि वर घेतलेल्या भातालाही.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा आहारावरचा भाग 2025 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. भारतीयांच्या आहारातली 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. भरडधान्यं हेच मुख्य अन्न असलेली राज्यं तीनच सापडली: कर्नाटक, गुजरात आणि आपला महाराष्ट्र. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं तांदूळ-मैद्याच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांना दिला, तिथं तो कमी झालेला दिसला. साध्या भाषेत, एक भाकरी कमी करा आणि तिच्या जागी वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ घ्या. वरणाच्या पाण्यात डाळ शोधावी लागत असेल, तर ते वरण धरू नका.

मग येतात आजोबा. "आमच्या आजोबांनी जन्मभर भाकरी खाल्ली, त्यांना कुठं होती शुगर?" आजोबांची शुगर कधी तपासली होती, हे आधी सांगा. आणि आजोबा दिवसभर औतामागं चालत होते. नातू मोटारसायकलवर बांधापर्यंत जातो. पिमा आदिवासींचं उदाहरण बघा. एकाच वंशाचे लोक, काही अमेरिकेतल्या ॲरिझोनात, काही मेक्सिकोच्या डोंगरात. 2006 च्या अभ्यासात ॲरिझोनाकडच्या प्रौढांत मधुमेह 38 टक्के, मेक्सिकोकडच्यांत 7 टक्क्यांच्या आत. मेक्सिकोतले पिमा मका आणि घेवडाच खात होते, भरपूर खात होते, आणि शेतात राबत होते.

"चिनी लोक भातच खातात की!" खातात. 21 देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक माणसांचा 'प्युअर' अभ्यास 2020 मध्ये आला. रोज 450 ग्रॅम किंवा जास्त शिजवलेला भात खाणाऱ्यांत दक्षिण आशियात मधुमेहाचा धोका स्पष्ट वाढलेला होता. चीनमध्ये तसा संबंध आढळला नाही. त्यांचं ताट त्यांच्या अंगाला सोसलं म्हणून आपल्याला सोसेल, असं नाही.

कारण अंगही वेगळं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, बीएमआय 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9 टक्के, याज्ञिकांची 21. तेव्हा 'मी तर वाळकाच आहे, मला कशी होईल' हे मनातून काढा. पुरुषानं कंबर 90 सेंटिमीटर, बाईनं 80 ओलांडली का, तेवढं टेपनं मोजा.

'खेड्यात शुगर नसते' हेही जुनंच. इंडियाबच्याच 2011 मध्ये आलेल्या आकड्यांनुसार ग्रामीण महाराष्ट्रात 6.5 टक्के प्रौढांना मधुमेह निघाला होता, शहरी भागात 10.9.

आपल्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये इक्रिसॅटबरोबर दिलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण चांगलंच आहे, पण त्याचं वैशिष्ट्य जास्तीचं लोह आणि जस्त. त्याला शुगरचं पीठ म्हणू नका. गूळही साखरच, रंग वेगळा. एकादशीचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यापेक्षा नेहमीचं जेवण परवडलं. कारल्याच्या रसानं तोंड कडू होतं. गोळीचं काम तो करत नाही. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळं, म्हणून मनानं गोळी सोडायची नाही.

आणि 'इन्सुलिन सुरू झालं म्हणजे माणूस संपला' हा समज तर सर्वांत वाईट. टाइप 1 मधुमेह झालेल्या लेकरांच्या अंगात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. त्यांना ते पहिल्या दिवसापासून टोचावंच लागतं. अशा लेकराला भाकरी-कारल्यावर ठेवलं, तर काही दिवसांत जीव धोक्यात येतो.