दुर्मिळ मृदा खनिजे आणि शेअर बाजारातील सट्टा

ठाणे, कल्याण व डोंबिवली ही प्रामुख्याने नोकरदारांची नगरे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी, थोडे सोने घ्यावे, असा येथील मध्यमवर्गाचा जुना शिरस्ता होय. भ्रमणध्वनीवरून शेअर घेण्याची सोय झाल्यापासून तो सैल होत चालला आहे. सकाळच्या लोकलमध्ये भावांची चर्चा रंगते, आणि २०२५ पासून तीत ‘रेअर अर्थ’ या शब्दाची भर पडली आहे.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकूण सतरा. नावाप्रमाणे ती सर्वच विरळ आहेत असे नव्हे. त्यांपैकी सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. खरी अडचण ती एकमेकांपासून वेगळी करण्याची असते, आणि या शुद्धीकरणात चीनचा वाटा जगाच्या सुमारे नऊ-दशांश आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम आदी सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. विद्युत वाहनांच्या मोटारींत लागणाऱ्या चुंबकांची टंचाई भारतीय कारखान्यांनाही जाणवली, आणि या खनिजांशी ज्यांचे नाव जोडले जाते अशा कंपन्यांच्या शेअरना मागणी आली.

मात्र खनिजाचे महत्त्व आणि शेअरचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतात या मूलद्रव्यांचे उत्पादन मुख्यत्वे ‘आयआरईएल’ ही केंद्र शासनाची कंपनी करते. ‘इंडियन रेअर अर्थ्स’ या नावाने १९५० साली स्थापन झालेली ही कंपनी अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असून, केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूतून ती खनिजे काढते. या वाळूतील मोनाझाईटमध्ये थोरियम असल्याने ते अणुखनिज मानले जाते. या कंपनीचे शेअर बाजारात मिळत नाहीत. मग ‘रेअर अर्थ’ म्हणून लोक घेतात ते काय? गुजरात मिनरल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचे उदाहरण पाहावे. छोटा उदेपूर जिल्ह्यातील आंबाडुंगर येथे तिचा या खनिजांचा प्रकल्प नियोजित आहे आणि २०२५ मध्ये तिचा भाव बराच चढला. परंतु तिचे उत्पन्न मुख्यतः लिग्नाइट कोळशाचे आहे. चुंबकनिर्मितीसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वार्षिक ६,००० टन क्षमतेचे तिचे उद्दिष्ट आहे, पण त्यासाठी आधी कारखाने उभे राहावे लागतात. काही ठिकाणी तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असाच प्रकार दिसतो.

असा प्रसंग जगाने पूर्वी अनुभवलेला आहे. २०१० मध्ये चीनने निर्यातीचा कोटा मोठ्या प्रमाणात घटविला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाणीची मालक असलेली मॉलिकॉर्प ही कंपनी प्रत्येकी १४ डॉलर दराने बाजारात आली आणि २०११ च्या वसंतात तिचा भाव ७० डॉलरच्या वर गेला. पुढे चढ्या किमतींमुळेच कारखानदारांनी वापर आवरता घेतला व अन्यत्र खाणी सुरू झाल्या. जागतिक व्यापार संघटनेचा निर्णय विरोधात गेल्यावर २०१५ च्या प्रारंभी चीनने कोटा रद्द केला. त्याच वर्षी जूनमध्ये मॉलिकॉर्पने दिवाळखोरी जाहीर केली. खाण जागेवरच राहिली, खनिजही तेच राहिले. जुन्या भागधारकांचे पैसे तेवढे गेले. निर्बंध हा शासकीय आदेश असतो. तो एका रात्रीत येतो, तसाच उठतोही. चीनने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेली वाढीव बंधने पुढच्याच महिन्यात वर्षभरासाठी स्थगित झाली.

अशा वातावरणात खात्रीच्या नफ्याचे आमिष दाखवून बनावट ॲपद्वारे पैसे उकळणारेही सरसावतात. सल्लागार ‘सेबी’कडे नोंदलेला आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहता येते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी; पहिल्या काही तासांत रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक बाब आहे, तिची चर्चा लोकलमध्ये सहसा होत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये त्यांना शेअरमध्ये सट्टा करण्यास मनाई आहे, आणि शेअरची वारंवार खरेदी-विक्री हा सट्टाच समजण्यात येतो.