कोळ्यावरचा आळ



पावसाळ्यात एखाद्या सकाळी मानेवर किंवा गालावर लाल पट्टा उमटलेला दिसतो. आग होते, मग बारीक फोड येतात. घरातली वडील मंडळी लगेच निदान करतात, "कोळी मुतला!" शेजारच्या काकूही हिंदीत तेच सांगतात, "मकडी मूत गई." त्यावर कोणी लेप लावते, कोणी मंतरलेली राख. भिंतीवरच्या कोळ्याला चप्पल बसते ती वेगळीच. यात कोळ्यावर अन्याय होतो हे खरे, पण जास्त नुकसान आपलेच होते.

कोळ्याची विष्ठा म्हणजे पांढुरका ठिपका. तिने कातडी भाजत नाही. भाजणारा असतो पिडेरस नावाचा किडा. तो मुंगीसारखा लांबट, जेमतेम एक सेंटिमीटरचा, रंगाने काळा-नारिंगी असतो. पावसाळ्यात तो ट्यूबलाइटकडे येतो. तो चावत नाही. अंगावर बसला की आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. आग साधारण १२ ते ४८ तासांनी सुरू होते, तोवर किडा कुणाच्या लक्षातही नसतो. कोळी मात्र कोपऱ्यात समोर दिसत असतो, म्हणून आळ त्याच्यावर! असा किडा दिसला तर त्याला फुंकर मारून उडवावे, चिरडू नये. चिरडलाच तर जागा साबणाने धुवावी आणि त्या हाताने डोळे चोळू नयेत.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फोडांचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला असेल आणि ठणका लागला असेल, तर ती नागीण असू शकते. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दडून राहतो आणि पुढे कधी तरी डोके वर काढतो, तीच ही नागीण. तिच्यावर औषध आहे, पण ते ७२ तासांच्या आत सुरू केले तर विशेष उपयोगी पडते. झाडफूक करण्यात हेच तीन दिवस जातात. फोड डोळ्याजवळ असतील तर एक दिवसही थांबू नये. आजी-आजोबांना हे जरूर वाचून दाखवा.

आता घरातल्या कोळ्यांविषयी. छताच्या कोपऱ्यात लांब पायांचा बारीक कोळी जाळ्यात डास धरतो. भिंतीवर टुणकन उडी मारणारा छोटा कोळी जाळे न विणताच शिकार करतो. रात्री मोरीजवळ दिसणारा मोठा चपटा कोळी झुरळे खातो. त्याला पाहून आमच्याही अंगावर काटा येतो, पण तो आपल्या मागे लागत नाही. नकोच असेल तर त्याच्यावर पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि बाहेर सोडून द्यावे. जळमटे काढायला हरकत नाही. क्वचित कोळी चावलाच, तर जागा धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. सूज वाढली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावे.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण पुण्या-कोकणाकडे जातात. सह्याद्रीच्या जंगलात दोन झाडांच्या मधे सोनेरी झाक असलेले भले मोठे जाळे दिसले, तर त्याच्या मध्यभागी पंजाएवढी मादी असते आणि तिच्याजवळ इवलासा नर. वाकून खालून जावे, जाळे मोडू नये.

प्रवासात बूट आणि अंथरूण झटकायचे ते मात्र विंचवासाठी. विंचूही आठ पायांचा, कोळ्याचा नातलगच, पण कोकणातला लाल विंचू मुलांच्या जिवावर बेततो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्रॅझोसिन हे औषध त्यावर वापरून अनेकांचे प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर थेट दवाखाना गाठावा. रात्री उठताना टॉर्च हाताशी असू द्या आणि अनवाणी अंगणात जाऊ नका.