काळी माती, संत्र्यांची पिकअप व डिफरन्शियलचे कुलूप

गतवर्षी आश्विनात काटोल तालुक्यातील आमच्या आप्तांच्या बागेतून आंबिया बहाराची संत्री घेऊन निघालेली पिकअप पांधणीत रुतली. मागील डावे चाक चिखलात गरगर फिरे. उजवे चाक कोरड्या धुऱ्यावर असूनही जागचे हलेना. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर येईपर्यंत कळमन्याच्या बाजाराची वेळ टळली होती. महसुली नकाशात तीच पांधण किती सरळ रेघेने काढलेली असते, हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे!

वळणावर बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर जावे लागते. म्हणून दोन्ही चाकांस निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चक्रांची योजना आसाच्या मध्यभागी केलेली असते. तीच डिफरन्शियल होय. ती दोन्ही चाकांस सारखाच जोर देते. त्यामुळे एकाची पकड सुटली की दुसऱ्यासही तेवढाच अल्प जोर पोचतो.

यावर उपाय दोन. 'लिमिटेड-स्लिप' प्रकारात बहुधा घर्षणाच्या चकत्या असतात. त्या आपोआप काम करतात, हे सोयीचे खरे. परंतु त्या झिजतात, त्यांस विशिष्ट तेल लागते, आणि चाक अगदीच मोकळे फिरू लागले की त्यांचे बळ अपुरे पडते. दुसरा उपाय कुलपाचा. ते लावताच दोन्ही चाके एकजीव होऊन फिरतात. आपल्या ट्रॅक्टरांवर पायाशी जो लॉकचा पेडल असतो, तो हाच. काळ्या मातीसाठी आम्ही निःसंशय कुलपाच्या बाजूचे आहोत.

मात्र ते गाडी थांबवून, चाक फिरू लागण्यापूर्वीच लावावे. फिरत्या चाकावर लावल्यास दाते तुटण्याचे भय असते. कुलूप असता गाडी वळण्यास कुरकुरते, म्हणून डांबरी सडक लागताच ते काढावे. उतरत्या कडेच्या पांधणीत तर दोन्ही चाके एकदम घसरून गाडीचा मागचा भाग खालच्या बाजूस सरकतो, हेही ध्यानात असावे.

आता खर्चाचे. टोयोटाची हायलक्स २०२२ साली येथे आली, तीत असे कुलूप आहे. परंतु तेव्हा तिची किंमतच सुमारे ३४ लाख रुपये होती. संत्र्यांच्या पेट्यांसाठी एवढी रक्कम कोण घालील? जुन्या गाडीत बाहेरून कुलूप बसवावयाचे, तर त्याने हमी जाते की राहते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

आमच्या आप्तांनी तूर्त निराळाच मार्ग धरला आहे. पेट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पक्क्या सडकेपर्यंत आणतात व तेथे पिकअपमध्ये भरतात. हमाली दुप्पट पडते, पण ट्रॅक्टरला कुलूप आधीपासूनच आहे.