डेव्हिड मार्शल : एक पुण्यस्मरण

सिंगापुरातील टॅम्पिनीस वसाहतीत आजही आठवड्यातून एकदा, सायंकाळी, लोकप्रतिनिधी रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकावयास बसतात. ही प्रथा १९५५ साली ज्यांनी घातली ते डेव्हिड मार्शल आपल्यासारखेच यहूदी होते, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

मार्शल यांचा जन्म १२ मार्च १९०८ रोजी सिंगापुरात एका बगदादी यहूदी कुटुंबात झाला. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन १९३७ साली ते बॅरिस्टर झाले. १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा स्वयंसेवक सैनिक म्हणून ते जपान्यांच्या हाती सापडले व होक्काइडो बेटावर त्यांना सक्तमजुरी करावी लागली. सुटून आल्यावर त्यांनी यहूदी समाजाच्या कल्याण मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले.

एप्रिल १९५५ मध्ये ते सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. लंडनच्या वाटाघाटींतून स्वराज्य मिळाले नाही, तेव्हा दिलेल्या शब्दास जागून जून १९५६ मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी चीनच्या भेटीत त्यांनी शांघायमध्ये अडकलेल्या यहूदींसाठी पंतप्रधान चौ एन लाय यांच्याकडे रदबदली केली, आणि ती फळास आली.

परंतु त्यांचे खरे क्षेत्र न्यायालय हेच होते. खुनाच्या आरोपींचे वकीलपत्र घेऊन त्यांनी अनेकांस फाशीपासून वाचविले. १९६९ साली ज्यूरी पद्धत रद्द होऊ लागली, तेव्हा त्यांनी तीस निर्भयपणे विरोध केला. तो विरोध निष्फळ ठरला. फाशीची शिक्षाही तेथे अद्याप कायम आहे.

योगायोग असा की, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर वकील थरगुड मार्शल हेही १९०८ सालीच जन्मले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल त्यांनी मिळविला. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी चालविलेल्या ३२ खटल्यांपैकी २९ जिंकले, आणि १९६७ साली ते त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. आडनाव एक, धर्म व वर्ण भिन्न. पण फाशीस दोघांचाही विरोध होता आणि दुर्बलाची बाजू कायद्याच्या मार्गाने मांडण्याचे व्रत दोघांनीही पाळले.

ह्या स्मरणाचे आम्हांस विशेष अगत्य वाटते, ह्याला कारण आहे. बगदादी बांधवांच्या काही प्रार्थनालयांत आपल्या लोकांस एके काळी समानतेची वागणूक मिळत नसे. पुढे इस्रायलमध्येही बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी शंका घेतल्या गेल्या. १९६४ साली निर्धाराने झगडून आपल्या बांधवांनी समान मान्यता मिळविली. ज्यांनी स्वतः उपेक्षा सोसली, त्यांनी दुसऱ्याच्या उपेक्षेकडे डोळेझाक करू नये. न्यायाची कास धरण्याची तोराची आज्ञा केवळ आपल्यापुरती नाही.

१२ डिसेंबर १९९५ रोजी मार्शल निवर्तले. त्या दिवशी आपल्या मुलांस ह्या दोन्ही वकिलांची हकीकत अवश्य सांगावी, अशी आमची समाजबांधवांस विनंती आहे.